शहाण्णव किल्ल्या

पुण्याच्या मार्केट यार्डात, गूळ-भुसार विभागातील एका दुकानाच्या माळ्यावर, भिंतीला एक लांबलचक लाकडी फळी ठोकलेली आहे. फळीवर ओळीने खिळे, खिळ्यांना किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला. खाली तूरडाळीची, साखरेची, पोह्यांची पोती आणि हमालांची ये-जा; वर मात्र वाकड, बाणेर, खराडी आणि बिबवेवाडी येथील घरे त्या बिल्ल्यांच्या रूपाने टांगलेली. गेल्या वर्षी आषाढाच्या तोंडावर बिल्ल्यांची संख्या ९६ झाली आणि फळीवर जागा उरली नाही. प्रश्न केवळ दुसऱ्या फळीचा असता तर सुताराला बोलावून तो सुटला असता. प्रश्न होता आणखी एक माणूस ठेवण्याचा, आणि तो कोणत्या कामासाठी ठेवायचा याचा.

या व्यवसायाचा आरंभ कोणी ठरवून केलेला नव्हता. २००८ च्या सुमारास कोथरूडचे एक जुने किराणा दुकानदार, जे तीस वर्षे या पेढीवरून माल उचलत होते, एक किल्ली घेऊन आले. मुलगा नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता, त्याचा बाणेरचा नवा फ्लॅट बंद पडला होता, आणि कोणी विश्वासाचा माणूस अधूनमधून उघडून पाहील तर बरे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. घरातील वडीलधारे, ज्यांना सारी पेढी बाऊजी म्हणते, त्यांनी किल्ली गल्ल्यात ठेवली आणि दोन वर्षे त्या कामाचा एक रुपयाही घेतला नाही. पुढे त्याच दुकानदारांच्या ओळखीने आणखी तीन किल्ल्या आल्या. डाळीच्या व्यापारातील नफा वर्षागणिक आकसत होता आणि दोन मुले हाताशी आली होती. २०१४ मध्ये दोघा भावांच्या नावाने भागीदारी पेढी झाली. किल्ल्या गल्ल्यातून निघून फळीवर गेल्या त्या तेव्हापासून.

बाहेरून पाहणाऱ्याला हा धंदा भाडे गोळा करण्याचा वाटतो. प्रत्यक्षात भाडे हा त्यातील सर्वांत सोपा भाग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा, म्हणजे वर्षभरात प्रत्येक घराचा कागद एकदा तरी हातात घ्यावाच लागतो. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती, सोसायटीला कराराची प्रत, सोसायटीच्या बिलात सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लागणारा नॉन-ऑक्युपन्सी आकार, विजेच्या बिलाचा शेवटचा आकडा, जाणाऱ्या भाडेकरूने भिंतीला पाडलेली भोके, हे सारे ओघाने येते. त्यात मालक परदेशी असला की आणखी एक गाठ. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने तीस टक्के आणि वर उपकर इतका कर कापून सरकारात भरायचा असतो, मग भाडे दहा हजार असो वा लाख. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते, आणि ठाऊक करून दिले की ते घर नको म्हणतात. त्यांना समजावणे, टॅन क्रमांक काढून देणे, दर तिमाहीचे विवरण वेळेत गेले की नाही हे पाहणे, हे काम कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते. पण ते न झाल्यास दोष किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याच माथी येतो.

कामाची वाटणी अशी होती. थोरला मुलगा मालकांना भेटे, नवी घरे आणी आणि करार करून घेई. धाकटा पैशाचे व दुरुस्तीचे पाही. दोन पोरे दुचाकीवरून फिरत, घर दाखवत, प्लंबरला सोबत नेत. आणि फोन? फोन थोरली सून घेई. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, लग्नापूर्वी दोन वर्षे एका करसल्लागाराकडे काम केलेली. पेढीचा एक मोबाइल घरी राहू लागला तो कसा आणि कोणत्या दिवसापासून, हे आता कोणालाच सांगता येत नाही. बारा किल्ल्या असताना दिवसाला एखादा फोन येई आणि तो घरी असलेल्या माणसाने घ्यावा, हे स्वाभाविकच होते. किल्ल्या वाढल्या, फोन वाढले, पण ज्याने तो घ्यायचा त्याचे नाव कोणत्याही कागदावर चढले नाही. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपण्याची घराची रीत. नोकरदार भाडेकरू घरी पोहोचून नळ सोडतात, दिवा लावतात आणि काय बिघडले ते पाहतात, तेही त्याच सुमारास. त्यामुळे एका हाताने पोळी लाटत आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचा मोबाइल सावरत तिची कित्येक वर्षे गेली होती.

नव्या माणसाचा विषय थोरल्याने काढला. त्याचा हिशेब पाठ होता. सरासरी भाडे २४,००० रुपये, पेढीचे शुल्क सहा टक्के, म्हणजे प्रत्येक किल्लीमागे दरमहा १,४४० रुपये. ९६ किल्ल्यांचे १,३८,२४०. शिवाय नवा भाडेकरू बसवला की अर्ध्या महिन्याचे भाडे. वर्षाला साधारण निम्मी घरे बदलतात, तेव्हा त्याचे महिन्याला सरासरी ४८,००० रुपये. वर्षाचे मिळून साडेबावीस लाखांच्या आसपास. सेवा व्यवसायाची वीस लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे जीएसटीची नोंदणी आलीच होती, आणि मालक परदेशात असला तरी मिळकत पुण्यात असल्याने त्याला निर्यात म्हणून सूट नव्हती. थोरल्याचे म्हणणे असे, की आता बाजारात हिंडणारा एक चुणचुणीत माणूस ठेवावा. त्याने महिन्याला चार घरे आणली तरी वर्षात ४८ किल्ल्या वाढतील आणि दरमहा सुमारे सत्तर हजार रुपये कायमचे वाढतील. पगार सहज निघेल.

धाकट्याला व्यवस्थापक हवा होता. त्याच्या मते धंदा आता एवढा झाला होता, की सर्वांच्या वर एक अनुभवी माणूस असावा, संगणकावर सगळे चढवावे आणि आपण फक्त देखरेख करावी. या मागणीत खोट नव्हती, पण एक गोष्ट तो बोलत नव्हता. त्याला ज्या कामाचा कंटाळा आला होता ते काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे होते, आणि ते काम नेमके काय आहे हे त्याने कधी मांडून पाहिले नव्हते. माणूस नेमताना ही चूक फार ठिकाणी होते. आपल्याला नको असलेल्या गोष्टींचे गाठोडे बांधून त्याला पदाचे नाव देण्यात येते आणि त्या गाठोड्यात काय आहे ते नव्या माणसाने येऊन उलगडावे अशी अपेक्षा असते.

सुनेला कोणी विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही.

बाऊजींनी दोघांचे ऐकून घेतले आणि निर्णय चातुर्मास बसण्यापूर्वी करू म्हणून विषय बाजूला ठेवला. त्यांच्या मनात मे महिन्यातील एक गोष्ट सलत होती.

खराडीच्या एका घरातून एक तरुण भाडेकरू मे महिन्यात निघाला. घर स्वच्छ, भाडे एकदाही थकलेले नाही. ७५,००० रुपयांची अनामत त्याला किल्ली देताक्षणी परत मिळायला हवी होती. दुसऱ्या घराची अनामत त्याला त्याच पैशातून भरायची होती. धाकट्याने ‘दोन दिवसांत’ म्हटले. दोन दिवसांचे एकोणीस दिवस झाले. दरम्यान त्या मुलाने सामान एका मित्राच्या घरात रचून ठेवले आणि स्वतः त्या सामानाच्या मध्ये झोपला. त्याने भांडण केले नाही, तक्रारही केली नाही. पैसे मिळाल्यावर त्याने एवढाच निरोप पाठवला, की आपले वडील लातूरला डाळीचा व्यापार करतात आणि ही पेढी मार्केट यार्डाची आहे हे कळल्यामुळेच त्यांनी अनामतीची पावतीसुद्धा मागू नकोस असे सांगितले होते. तो निरोप सुनेच्या हातातील मोबाइलवर आला. तिने तो सासऱ्यांना वाचून दाखवला.

बाऊजींनी जून महिन्यात अनामतींचा ताळमेळ मागितला. परदेशी मालकांपैकी अनेकांच्या अनामती त्यांच्याच एनआरओ खात्यात जात. पण ३१ घरांच्या अनामती सोयीसाठी पेढीकडे होत्या, सगळ्या मिळून १९,२२,००० रुपये. मुदतठेवीत १२ लाख सापडले आणि चालू खात्यात ४१,०००. म्हणजे ६,८१,००० रुपये जागेवर नव्हते. त्यांपैकी ५,३४,००० नऊ घरांच्या रंगकामात आणि दुरुस्तीत गेले होते, मालकांकडून यायचे होते. ४९,००० रुपये सोसायट्यांच्या बिलांपोटी भरून झाले होते आणि मालकांकडे मागायचेच राहिले होते. उरलेले ९८,००० म्हणजे पोरांच्या नव्या स्कूटरसाठी थोरल्याने केलेली उचल, जी ‘पुढच्या महिन्यात’ परत भरायची होती.

कोणी काही लुबाडले नव्हते. प्रत्येक रुपया कोठे गेला हे सांगता येत होते. तरीही ती गोष्ट लहान नव्हती, आणि बाऊजी त्या रात्री झोपले नाहीत. मुदतठेव मोडली असती तर त्या मुलाला त्याच दिवशी पैसे देता आले असते. धाकट्याने ती मोडली नाही, कारण मुदत भरायला पाच आठवडे होते आणि व्याज बुडाले असते. थोड्या व्याजासाठी दुसऱ्याचे ७५,००० रुपये एकोणीस दिवस अडकले. अनामत ही जमेच्या बाजूला लिहिली जाते, म्हणून ती आपलीच आहे असा भास व्हायला वेळ लागत नाही. हिशेब ठेवणारा कितीही सज्जन असो, दुसऱ्याचा पैसा आणि आपला पैसा एकाच खात्यात नांदू लागले की हळूहळू ते एकमेकांचे चेहरे घेतात.

या ताळमेळानंतर थोरल्याचा सूर बदलला. मग हिशेबनीसच ठेवावा, असे तो म्हणू लागला. वरकरणी ते पटण्यासारखे होते. पण बाऊजींचे उत्तर निराळे होते. “हिशेब चुकला असता तर हिशेबनीस ठेवला असता. हिशेब बरोबर आहे, वागणे चुकले आहे. त्यासाठी माणूस कशाला? बँकेत दुसरे खाते उघडायला पगार द्यावा लागत नाही.”

बँकांच्या शाखांतून एक जुना नियम पाळला जातो. ज्याने नोंद केली त्याने मंजुरी द्यायची नाही. तो नियम अप्रामाणिक माणसांसाठी आहे असा गैरसमज असतो. प्रामाणिक माणसालाच त्याची अधिक गरज असते, कारण त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. या पेढीत दुरुस्ती सांगणारा धाकटा, तिचे पैसे देणारा धाकटा, आणि त्यासाठी अनामतीच्या खात्यावर सही करणाराही तोच होता.

अशा वेळी सुनेने स्वयंपाकघरातल्या फडताळातून एक जुनी डायरी काढून सासऱ्यांसमोर ठेवली. विषय निघाल्या दिवसापासून तिने पेढीच्या मोबाइलवर आलेला प्रत्येक फोन आणि निरोप त्यात लिहून ठेवला होता. तारीख, वेळ, घराचा क्रमांक, कशासाठी, आणि काय झाले. एकवीस दिवसांत ४१२ नोंदी. त्यांपैकी १७१ नळ, गळती, गीझर, वीज आणि लिफ्ट यांच्या. ११८ पैशांच्या: भाडे पोहोचले का, पावती कधी, अनामतीचे काय, बिल कोणी भरायचे. ६४ किल्ली आणि घर दाखवण्याच्या, ३७ करार व पोलीस माहितीच्या, आणि २२ नवे मालक किंवा नवे भाडेकरू यांच्या चौकशीच्या.

नुसते आकडे पाहून थांबले असते तर दुरुस्तीची कामे फार आहेत एवढाच निष्कर्ष निघाला असता आणि आणखी एक प्लंबर बांधून घेतला असता. पण तिने प्रत्येक नोंदीपुढे खूण केली होती. दुरुस्तीच्या १७१ फोनांमागे मूळ बिघाड फक्त ५८ होते. उरलेले ११३ फोन ‘कधी येणार’, ‘आलाच नाही’, ‘आला पण पुन्हा येतो म्हणाला’ या स्वरूपाचे. पैशांच्या नोंदींतही तेच. उत्तर धाकट्याच्या मोबाइलमध्ये होते, धाकटा खराडीला होता, त्याने संध्याकाळी सांगतो म्हटले आणि तो विसरला, म्हणून तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत होता. या पेढीत काम फार नव्हते. एकच काम तीन-तीनदा होत होते.

डायरीच्या शेवटच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. गेल्या बारा महिन्यांत २१ नव्या किल्ल्या आल्या आणि सात परत गेल्या. थोरल्याला चारच ठाऊक होत्या. उरलेल्या तीन मालकांनी त्याला काही न कळवता, फोन घेणाऱ्या वहिनींना नम्रपणे सांगून, आपापल्या नातेवाइकांना किल्ली न्यायला पाठवले होते. थोरल्याने त्या पानावर बराच वेळ बोट ठेवले. मग त्याने स्वतःच भागाकार केला. प्रत्येक किल्लीमागे तीन आठवड्यांत चारहून अधिक फोन. त्याने सुचवलेला बाजारातला माणूस खरोखर यशस्वी झाला आणि ४८ घरे आली, तर दिवसाला आणखी दहा फोन. ते कोण घेणार होते?

व्यापारी घरांत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. घरातील बाईचे काम खर्चाच्या बाजूला कधी लिहिलेच जात नाही, म्हणून धंद्याचा नफा असतो त्याहून अधिक दिसतो. भाडे न देता वापरलेली जागा आणि पगार न देता घेतलेले श्रम, या दोन गोष्टींवर कित्येक पेढ्यांचा ताळेबंद उभा असतो. आदल्या उन्हाळ्यात सून आठ दिवस माहेरी, अहिल्यानगरला गेली होती, तेव्हा या पेढीचे काय झाले हे साऱ्यांनी पाहिले होते. दोन करारांची मुदत उलटली, एका घरात पाणी खालच्या मजल्यावर उतरले आणि धाकट्याने तिला दिवसातून नऊ-नऊ वेळा फोन केले. रिझर्व्ह बँकेने संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा दंडक घातला आहे. तो गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून. पण त्या रजेत दुसरीही एक गोष्ट उघडी पडते: कोणाच्या नसण्याने काम थांबते. या घराने ती रजा पाहिली होती आणि तिचा अर्थ ‘सून लवकर परत यावी’ एवढाच काढला होता.

आषाढातल्या एका रविवारी, दुकान बंद असताना, चौघे माळ्यावर बसले. सासूबाई खाली देवघरातच थांबल्या होत्या, पण जिन्याचे दार त्यांनी उघडे ठेवले होते. बाऊजींनी सुनेला विचारले, “बेटा, तूच सांग. कोण हवा?”

“फोन घेणारा,” ती म्हणाली. “पण नुसता उचलणारा नको. काम संपेपर्यंत ते न सोडणारा हवा. प्लंबर गेला का, गळती थांबली का, मालकाला कळवले का, हे विचारून मगच नोंद बंद करणारा. आणि त्याच्यासमोर हिशेब उघडा असायला हवा. भावजींच्या खिशात नको.”

“आणि तू काय करणार?” थोरल्याने विचारले. प्रश्नात उपरोध नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हते.

“अनामतीचे खाते मी पाहीन. पण नाव घालून.”

यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, की घरचीच तर आहेस, तुला कागद कशाला? ती म्हणाली, “कागद मला नको. सही माझी आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असे व्हायला नको. त्या मुलाचा निरोप मला आला. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हते.”

धाकट्याची शंका व्यवहाराची होती. उद्या आपले लग्न झाले, तर तिलाही भागीदार करायचे का? “ती काम करील तर तिलाही,” बाऊजी म्हणाले. “आणि तू काम सोडलेस तर तुझे नाव काढायचे.” जिन्याखालून सासूबाईंचे हसणे ऐकू आले आणि बैठकीतला ताण थोडा सैल झाला.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे नवा भागीदार घ्यायचा तर विद्यमान भागीदारांची संमती लागते. म्हणजे निर्णय दोघा भावांचाच होता, वडिलांचा नव्हे. बाऊजींनी तो त्यांच्यावरच सोडला. थोरल्याने चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत पती-पत्नीत काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांना ठाऊक. पाचव्या दिवशी तो स्वतः सीएंच्या कार्यालयात जाऊन सुधारित भागीदारीपत्राचा मसुदा घेऊन आला. तिचा हिस्सा वीस टक्के, आणि काम करणारी भागीदार म्हणून दरमहा मेहनताना.

त्याबरोबर आणखी काही गोष्टी ठरल्या, ज्यांना एक रुपयाही पगार लागत नव्हता. अनामतीचे खाते स्वतंत्र. त्यातून पैसे काढायचे तर तिची आणि एका भावाची, अशा दोन सह्या. तीन हजारांवरची दुरुस्ती मालकाच्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि रंगकाम मालकाची आगाऊ रक्कम आल्याशिवाय नाही. उधारीचे रंगकाम बंद झाल्यावर दोन मालक नाराज झाले. एकाने किल्ली नेली. ती जाऊ दिली. ९८,००० आणि ४९,००० अशी दीड लाखाला थोडी कमी असलेली रक्कम भावांनी चार महिने आपली उचल न घेता भरून काढली. आणि दिवाळीपर्यंत नवी किल्ली घ्यायची नाही असे ठरले. थोरल्याला सर्वांत जड गेले ते हेच. बाणेरला एका नव्या इमारतीतील सहा घरे एकदम मिळत होती. त्याने त्या मालकाला कार्तिकात या असे सांगितले आणि घरी येऊन दोन दिवस तो फारसा बोलला नाही.

राहिली नेमणूक. पगार २४,००० ठरला. दिवाळीचा एक जास्तीचा पगार आणि फोन-पेट्रोल धरून वर्षाला ३,४२,००० रुपयांचा बोजा. जाहिरातीवर अकरा जण आले. धाकट्याची पसंती हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या एका हसतमुख तरुणाला होती. सुनेने मुलाखतीत पदवी विचारली नाही. डायरीतील तीन नोंदी समोर ठेवून काय कराल, एवढेच विचारले. पहिली नोंद अशी: तिसऱ्या मजल्यावरील घराच्या बाथरूमचे छत गळते, भाडेकरू चिडला आहे, मालक सिंगापूरला आहे. हसतमुख तरुण म्हणाला, ताबडतोब प्लंबर पाठवतो. चाळिशीच्या एका बाईंनी, ज्यांनी आठ वर्षे एका मोठ्या सोसायटीचे कार्यालय सांभाळले होते, उलट विचारले, “वरच्या घराच्या बाथरूममधून गळते की सोसायटीच्या मुख्य पाइपातून? आतल्या जोडणीतून असेल तर खर्च वरच्या सभासदाचा, मुख्य पाइप असेल तर सोसायटीचा. आपल्या मालकाचा खर्च येतोच कुठे? आधी सेक्रेटरींना लेखी द्यावे लागेल. प्लंबर नंतर.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पण भाडेकरूला आजच फोन करायचा. काम आज होणार नाही, हे सांगायला.”

सुनेने डायरी मिटली.

त्या बाई श्रावणाच्या पहिल्या सोमवारी कामावर आल्या. तीन महिने पारखून पाहायचे असे दोन्ही बाजूंनी ठरले होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळीकडे पाहून विचारले, की बिल्ल्यांवर नुसते क्रमांक का, कराराची मुदत संपण्याची तारीख का नाही? धाकट्याने चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. त्यांच्या कामात उणिवाही निघाल्या. त्या करकपातीच्या बाबतीत अगदी कोऱ्या होत्या, आणि एका अनिवासी मालकाच्या भाडेकरूला त्यांनी पूर्ण भाडे भरा असे सांगून टाकले, ते निस्तरायला सुनेला अर्धा दिवस लागला. बाणेरची सहा घरे कार्तिकापर्यंत थांबली नाहीत, तीही गेली. थोरला अजून त्याची आठवण काढतो.

पेढीचा मोबाइल आता माळ्यावर असतो, सकाळी दहा ते रात्री आठ. पहिल्या दिवशी सायंकाळी सातच्या सुमारास, पाने वाढून झाली असताना, बैठकीच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजला. सुनेचा हात पोळपाटावरून उचलला गेला आणि खांद्यापर्यंत आला. तेथे काही नव्हते. फोन सासूबाईंचा होता, त्यांच्या बहिणीचा.